बाळारामदादांचं उजवं वळण

आमचे बाळारामदादा गाडी उजवीकडे वळवत नसत. त्यांना गाडी येत नव्हती असं मुळीच नाही. किन्हवली ते शहापूर हा खड्ड्यांचा रस्ता ते मागच्या सीटवरच्या किटलीतलं दूध हिंदकळणार नाही अशा बेतानं पार करायचे. पण उजवीकडे वळायची वेळ आली की पंगतीत नावडती भाजी वाढायला आल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. ते चौक ओलांडून सरळ पुढे जायचे, पहिल्या डाव्या गल्लीत शिरायचे, पुन्हा डावीकडे, पुन्हा डावीकडे, आणि असा आख्ख्या वस्तीला वळसा घालून जिथे जायचं त्या रस्त्याला लागायचे. वर मलाच विचारायचे, "पोचलो का नाय?"

मी शहापूरच्या एका शाळेत मराठी शिकवते आणि किन्हवलीत भाड्यानं राहते. दादांचं घर माझ्या घरापासून दोन घरं सोडून. रोज सकाळी ते आपल्या म्हशींचं दूध घालायला शहापूरला निघायचे आणि एसटीची वाट बघत उभ्या असलेल्या मला बघून गाडी थांबवायचे. "बसा मॅडम, एसटीनं टाइम होईल." टाइम दादांच्या गाडीनंही व्हायचाच. माझी शाळा बाजारपेठेतून उजव्या हाताला. दादा मला मच्छी मार्केट, कचेरीची मागची भिंत आणि एका लाकडाच्या वखारीचं आवार दाखवून मग शाळेच्या फाटकाशी सोडायचे. शहापुरात जन्मलेल्यांनी पाहिलं नसेल एवढं शहापूर मी त्या गाडीतून पाहिलं. मुख्याध्यापिका उशिराचं कारण विचारायच्या, तेव्हा मी "डावीकडून आले" एवढंच सांगायची. सुरुवातीला त्या चिडल्या. मग एक दिवस एसटी चुकली म्हणून त्या स्वतः दादांच्या गाडीत बसल्या, आणि त्यानंतर त्यांनी कारण विचारणं सोडून दिलं.

मी फार सोशिक बाई नाही. एकदा वखारीच्या आवारात भुशाची गोणी गाडीच्या टपावर पडली तेव्हा मी विचारलंच, "दादा, उजवीकडे वळायला तुम्हाला होतं काय?"

"उजवं वळन खर्चायचं नाय, मॅडम."

"वळण कसलं खर्च होतं?"

"होतं तर! सगळंच खर्च होतं," असं म्हणून त्यांनी गोणी खाली ढकलली आणि विषय संपवला.

दादांनी सारी उमर धरणाच्या उजव्या कालव्यावर पाटकऱ्याचं काम केलेलं. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी शेताशेतांत सोडणारा माणूस. कुणाला किती वेळ पाणी द्यायचं, कुठली फळी उचलायची, कुठली दाबायची, हा सगळा कारभार त्याच्या हातात. जन्म उजव्या कालव्यावर काढलेल्या माणसानं म्हातारपणी उजवी बाजू टाकावी, यावर गावात बरीच थट्टा चालायची. दादा तिच्याकडे लक्ष देत नसत. "पानी सोडनं सोपं. धरून ठेवायला अक्कल लागते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते कशालाही लागू पडायचं. वहिनींनी चहात साखर जास्त घातली तरी, आणि टीव्हीवर कुणी पुढारी फार बोलला तरी.

दुसरं वाक्य, "टोकाला आधी." कालव्याचं पाणी पहिल्यांदा शेवटच्या शेताला द्यायचं, मग एकेक करत तोंडाकडे यायचं, नाही तर टोकाचा माणूस कोरडाच राहतो, असा त्यांच्या कामातला नियम. हा नियम त्यांनी निवृत्तीनंतर संसारात आणला. गावात कुणाचंही लग्न असो, आमटीची बादली दादांच्या हातात असायची आणि ते वाढायला सुरुवात करायचे ती मांडवाच्या पार टोकाला, चपलांच्या ढिगाजवळ बसलेल्या पाहुण्यांपासून. वरपक्षाची मानाची पंगत कोरडा भात बोटांनी चिवडत बसायची. एका व्याह्यानं रागानं पान सोडलं तेव्हा दादा त्याला म्हणाले, "तुमी तोंडाशी हाव. तुमाला कदीपन मिळेल." व्याही पुन्हा बसला. आमटी चांगली होती, हेही एक कारण असावं.

तर या माणसाच्या उजव्या वळणाचं रहस्य मला निम्मं कळलं ते रफिकच्या गॅरेजमध्ये. दादा तिथे पंक्चर काढायला थांबले होते. रफिकनं पुढच्या डाव्या चाकामागे बॅटरी मारली आणि कपाळाला हात लावला.

"काका, अजून तसंच? मॅडम, तुम्ही तरी सांगा यांना. एक्सलचा बूट फाटलाय."

त्यानं मला वाकायला लावून दाखवलं. चाक फिरवणारा जो दांडा असतो त्याच्या सांध्यावर एक रबराची टोपी असते, घडीघडीची. तिलाच गॅरेजवाले बूट म्हणतात. आत ग्रीस भरलेलं असतं. टोपी फाटली की ग्रीस बाहेर उडतं, धूळ-चिखल आत शिरतो आणि सांधा झिजत जातो. गाडी सरळ चालली की गप्प. पण डाव्या चाकाचा सांधा असेल, तर गाडी उजवीकडे पुरती वळवली की टक टक टक टक आवाज सुरू.

"वेळेवर बूट बदलला असता तर भागलं असतं. आता आख्खा एक्सल टाकायला लागेल," रफिक म्हणाला. "आज टकटक करतोय, उद्या तुटेल. मग गाडी जागेवर."

"तुटायचा नाय. मी धरून हाय त्याला," दादा म्हणाले.

आणि खरंच, दर रविवारी सकाळी अंगणात त्या सांध्याची सेवा चालायची. गाडी जॅकवर चढायची. दादा बनियनवर आडवे होऊन फाटक्या बुटात बोटानं ग्रीस भरायचे, वरून सायकलची जुनी ट्यूब गुंडाळायचे आणि तारेनं आवळायचे. वहिनी ओट्यावरून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलायच्या, "माझा गुडघा वरीसभर ठणकतोय, त्याला कदी बाम नाय लावला. गाडीच्या गुडघ्याला बघा कशी मालिश!"

पण खरी गंमत पुढे आहे. एका रविवारी ग्रीस जरा जास्त भरलं गेलं. दादांनी अंगणातल्या अंगणात एकदाच गाडी उजवीकडे वळवून पाहिली, आणि आवाज आलाच नाही. मी फाटकातून म्हणाले, "अरे वा, बरी झाली की!" दादांचं तोंड पांढरं पडलं. ते पुन्हा गाडीखाली शिरले आणि भरलेलं ग्रीस फडक्यानं पुसून काढायला लागले. पुन्हा वळवली. टक, टक. तेव्हा कुठे त्यांनी घाम पुसला आणि चहा मागितला. म्हणजे या गृहस्थाला गाडीचं दुखणं बरंही होऊ द्यायचं नव्हतं आणि वाढूही द्यायचं नव्हतं. त्या दिवसापासून मी तर्क करणं सोडून दिलं. मुलगा कल्याणहून येऊन "बाबा, मी एक्सल बदलून देतो" म्हणाला, तर त्यालाही त्यांनी सांगितलं, "गाडी घेऊन जा तुला पायजे तर. पन सांध्याला हात लावायचा नाय."

दसऱ्याला मात्र दादा कोंडीत सापडले. आमच्याकडे दसऱ्याला गावातल्या सगळ्या गाड्या झेंडूच्या माळा घालून गावदेवीच्या देवळाला प्रदक्षिणा घालतात. आणि प्रदक्षिणा म्हणजे एकजात उजवी वळणं! मोटरसायकली झाल्या, ट्रॅक्टर झाले, रिक्षा झाल्या. दादांची पाळी आली. सगळं गाव पाराला टेकून बघत होतं. दादा थोडा वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. मग त्यांनी गाडी पाठमोरी लावली, रिव्हर्स गिअर टाकला, मान खिडकीबाहेर काढली आणि स्टिअरिंग डावीकडे पिळून गाडी मागच्या मागे नेत देवळाभोवती फिरवली. गाडी गेली देवीच्या उजव्या फेऱ्यानंच, चाकं मात्र डावीकडे. शेजारच्या सीटवर वहिनी पूजेचं ताट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. देवी मागून पुढे जाताना दिसली तशी त्यांनी हात जोडले आणि नंतर नवऱ्याकडे जे पाहिलं, ते देवीनं पाहिलं नसेल तर बरं.

गावात वाद पेटला. ही प्रदक्षिणा धरायची की नाही? शेवटी गुरवाकडे निकाल गेला. गुरव म्हणाला, "देवीला माणूस भवती फिरल्याशी मतलब. त्याचं तोंड कुठं होतं ते ती नाय बघत." एका ट्रॅक्टरवाल्याला हे इतकं पटलं, की त्यानं ट्रॉलीसकट उलटी प्रदक्षिणा घालायला घेतली आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीत जाऊन अडकला. आमचा दसरा त्या वर्षी फारच छान झाला.

पुढे दिवाळी आली. माझा भाऊ नागपूरला. भाऊबीजेला तो फोनवर दिसतो, मी फोनला ओवाळते आणि तो तिकडे लाडू खाऊन दाखवतो. त्या सकाळी हे उरकून मी बसले होते, तर दादा फाटकात.

"चला मॅडम, तायकडे. तुमची वहिनी खर्डीला गेली तिच्या भावाकडे. एकटा जाऊन काय करू? नि तुमी तरी भिंती बघत काय बसनार?"

ताय म्हणजे दादांची थोरली बहीण, हिराताई. तिचं सासर मुरबाड तालुक्यात, म्हसा गावाच्या पुढे, सिद्धगडाच्या अंगाला एक लहानशी वाडी आहे तिथे. मी निघाले. गाडीत मागे नव्या भाताच्या पोह्यांची पिशवी होती. नवं भात निघालं की त्याचे पोहे कांडून भावानं बहिणीकडे न्यायचे, ही त्यांच्या घरची रीत. दादांनी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि तोंडात नवी कोरी कवळी होती. कवळीची अजून सवय नव्हती. वाटेत त्यांनी माझ्या डब्यातली चकली घेतली, थोडा वेळ गालात धरून ठेवली आणि गुपचूप खिशात टाकली.

वाटेतली मोठी वळणं त्यांनी इतक्या लांबून आणि सावकाश घेतली की त्यांना वळण म्हणायची लाज वाटावी. मुरबाड गेलं, म्हसा गेलं. दुतर्फा कापलेली खाचरं, पेंढ्यांच्या उडव्या, समोर सिद्धगड. दादा खुशीत होते. "आता एकच वळन ऱ्हायलं," ते म्हणाले. "उंबराशी. उजवं."

"आणि ते घ्यायचंय?"

"तेच तर घ्यायचंय!"

एवढ्यात बांधावरून एक म्हैस रस्त्यावर आली. पाडव्याला रंगवलेली शिंगं अजून लाल होती. मधोमध उभी राहून ती आमच्याकडे शांतपणे बघायला लागली. डावीकडे ओढा होता. दादांनी होता नव्हता तेवढा जोर लावून स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. टक टक टक टक, आणि मग कडाड्! म्हैस वाचली, आम्ही वाचलो. इंजिन चालू होतं, गिअर पडत होता, पण गाडी जागची हलत नव्हती. रफिकनं सांगितलं होतं तस्संच.

दादा चिडतील, म्हशीला शिव्या देतील असं मला वाटलं. त्यांनी नुसतं इंजिन बंद केलं.

"एवढं वळन राखलं होतं," ते हळूच म्हणाले. "ते म्हशीनं खाल्लं."

"दादा, रिक्षा मिळेल की. आपण पोचू ताईकडे."

"आपन पोचू वो. पन तिला कसं कळंल?"

मग त्यांनी मला सांगितलं. हिराताईच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता आणि दोन-तीन वर्षांत दोन्ही डोळ्यांनी दिसायचं बंद झालं.

"लोक येतात, मायेनं येतात. पन कसं येतात? चोरपावलानं यायचं नि तिचा हात धरून बोलायचं, वळख बघू मी कोन? सगळ्यांना तोच खेळ. ती दचकते. एकदा न्हाऊन केस मोकळे सोडून बसलेली, लुगडं पन धड नाय, तर व्याहीच समोर येऊन उभा. मला रडून बोलली, बाळ्या, माझ्याच घरात कोन आलं ते सगळ्यांच्या नंतर मला समजतं. नि मग बोलली, तुझं तेवढं बरं. तुझी गाडी उंबराशी वळली का टकटकते. तेवढ्यात मी केस बांधते, आधन ठेवते, नि दारात येऊन उभी ऱ्हाते. घरच्या बाईनं उभं ऱ्हावं तशी."

मला त्यांच्याकडे बघवेना. गेलं वर्षभर मी या माणसाला मच्छी मार्केटवरून बोल लावत होते.

"रफिक बोलला, सांधा थोड्या वळनांचा धनी हाय. मग मी बाकीची वळनं बंद केली. जेवडी हायत तेवडी तायला. टोकाला आधी."

रिक्षा मिळाली. आमची गाडी रस्त्याच्या कडेला राहिली आणि पोह्यांची पिशवी रिक्षात आली. पण उंबर दिसल्याबरोबर दादांनी रिक्षा थांबवली. रिक्षा दारापर्यंत नेली असती तर परकं कुणी आलं असं ताईला वाटलं असतं. तिचा मुलगा सुनेला घेऊन सुनेच्या माहेरी गेलेला, म्हणजे घरात ती एकटीच. दादा उंबराखाली उभे राहिले. त्यांनी सदरा खाली ओढला, घसा साफ केला, जीभ टाळूला लावली आणि आवाज काढला. थप्प. नव्या कवळीत जीभ बसेना. पुन्हा केला. या वेळी कवळीच पुढे आली. ती त्यांनी वरचेवर झेलली आणि माझ्याकडे वळले.

"मॅडम, तुमी करा."

"मी?"

"तुमी मराठीच्या मॅडम. तुमचे उच्चार शुद्ध. पहिलं हळू, मग भरभर, नि वळन सुटलं का एकदम गप."

मी इकडेतिकडे पाहिलं. रिक्षावाला पैसे मोजायचं विसरून आमच्याकडे बघत होता. कुंपणाशी एक बाई कोंबडी काखेत धरून उभी होती. मी वर्गात मोठमोठ्या कविता म्हटल्यात, पण भर दुपारी परक्या गावात उंबराखाली उभं राहून मोडक्या एक्सलचा आवाज काढायचा प्रसंग माझ्यावर आला नव्हता. मी डोळे मिटले आणि काढला. टक. टक. टक टक टक टक. दादा हातानं ताल देत होते. "अजून. वळतेय अजून गाडी. बस!"

काखेतली कोंबडी ओरडली. बाकी सगळं शांत. दादा कान देऊन उभे होते. "थांबू जरा," ते म्हणाले. "तिला टाइम देऊ."

आम्ही थांबलो. मग कुंपणाला वळसा घालून अंगणात आलो. दारात हिराताई उभी होती. डोक्यावर पदर, केस नीट बांधलेले, एक हात चौकटीवर. आतून चहाच्या आधणाचा वास येत होता. दादांनी असा श्वास सोडला की मला त्यांच्या खांद्यावर थोपटावंसं वाटलं.

"आलास काय रे बाळ्या?" ती म्हणाली. "नि आज गाडीचा आवाज बायमानसासारखा कसा रे आला?"

मी हसले, ती हसली, आणि मग आम्हाला कुणालाच थांबता येईना. दादांची कवळी पुन्हा निसटली.

ओवाळताना ताईनं आधी डाव्या हातानं भावाचं कपाळ चाचपलं आणि मग कुंकवाचं बोट पुढे आणलं. बोट जरा बाजूला चाललं होतं. दादांनी तिला कळू न देता आपलं डोकं हलवून कपाळ बरोबर बोटाखाली आणलं. ताम्हन फिरत होतं तसतसे ते मान फिरवत होते. मी शेजारी बसून हे पाहिलं.

मग ताईनं मला विचारलं, "तुझा भाऊ कुठं गो, पोरी?" मी सांगितलं. "मग ह्यालाच ओवाळ. फुकट बसलाय तो." मीही दादांना ओवाळलं. त्यांनी ओवाळणी म्हणून खिशात हात घातला, आणि ताम्हनात पडली ती माझीच चकली.

चहा झाल्यावर गाडीची हकीकत बाहेर आलीच. ऐकता ऐकता ताईच्या भुवया वर गेल्या.

"म्हंजे? ती मोडकी होती म्हनून वाजायची? मला वाटलं गाडीच तसली हाय! नि माझ्यापायी तू डावा-डावा फिरत होतास? येडा हायस काय रे?"

"तुला ऐकू येत होतं ना, ताय? मग झालं."

"कसलं झालं! तुझी ती टकटक आत चुलीपाशी ऐकू येते काय? तू यायचा दिवस असला का सकालधरनं ओट्यावर बसते मी, कान टवकारून. केस पन तिथंच बांधते. सून बोलते, आत्या, ऊन लागंल. मी बोलते, लागू दे."

दादांनी खाली मान घातली. आपण वर्षभर सांभाळलेलं पाणी टोकाला पोचतच नव्हतं, असा त्यांचा चेहरा झाला. ताईला तो चेहरा दिसला नाही, पण गप्पपणा दिसला असावा. ती उठली, भिंतीला हात लावत आतल्या खोलीत गेली आणि एक पितळेची घंटा घेऊन आली. तिच्या मालकांच्या बैलाच्या गळ्यातली. बैल जाऊन किती वर्षं झाली कुणास ठाऊक, पण घंटा चिंचेनं घासून लख्ख ठेवलेली होती.

"ही बांध गाडीला. ही मला चुलीपाशी पन ऐकू येते, विहिरीवर पन. नि तो एक्सल का फेक्सल बदलून टाक. उजवीकडं वळ, मानसासारखा."

दुसऱ्या दिवशी गाडी टेम्पोला बांधून शहापुरात आली. रफिकनं नवा एक्सल टाकला, नवा बूट चढवला, आणि जुना सांधा दादांच्या हातात देऊन म्हणाला, "काका, हा इतका चाललाच कसा?" दादा अभिमानानं हसले.

आता दादा उजवीकडे वळतात. सकाळी मी वेळेवर शाळेत पोचते. मुख्याध्यापिकांना चुकल्याचुकल्यासारखं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही मच्छी मार्केटची आठवण येते. घंटा गाडीत पुढे आरशाला बांधलेली आहे, पण ती वाजत नाही. तिच्या आतल्या लोलकाला दादांनी आपला लोकरी पायमोजा घातलाय, वरून सुतळीनं बांधलाय. उंबर आला की मोजा निघतो, वळण झालं की पुन्हा चढतो. आळीतल्या लहानथोरांनी "एकदा वाजवून दाखवा ना" म्हणून पाहिलं. मुलानं पाहिलं, वहिनींनी पाहिलं. मीही पाहिलं.

"नाय मॅडम. खर्चायची नाय."

गेल्या महिन्यात मला ताप आला. चांगला आठवडाभर उठवत नव्हतं. लोक मायेनं येत होते. दार ढकलून थेट पलंगापाशी यायचे आणि "काय हे, किती खराब झालात!" म्हणायचे. केसांच्या जटा झालेल्या, अंगावर चुरगळलेला गाऊन, उशाशी उष्टा पेला. कुणी आलं की मी चादर तोंडावर ओढायची आणि झोपेचं सोंग घ्यायची.

एका सकाळी गल्लीत गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. दोन घरांवरून गाडी निघाली, हळूहळू माझ्या फाटकापाशी आली, उजवीकडे वळली आणि उभी राहिली. मग घंटा वाजली. छान खणखणीत, सावकाश. गाडीचं दार उघडल्याचा आवाज मात्र आला नाही. बराच वेळ आला नाही.

मी उठले. तोंड धुतलं, केस विंचरून बांधले, गाऊनवर ओढणी घेतली, पेला मोरीत ठेवला. गॅसवर चहाचं आधण चढवलं. मग दारात जाऊन चौकटीला हात लावून उभी राहिले.

गाडीत दादा समोर बघत शांत बसले होते. मांडीवर मोजा होता. मी दिसल्यावर त्यांनी काच खाली केली.

"घरात हाव काय मॅडम?" त्यांनी विचारलं. "आलो व्हतो सहज."

"या ना दादा," मी म्हणाले, "चहा ठेवलाय."